स्वप्नात कारभार कोणाचा?

रेडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्याचं दक्षिणेकडचं जवळजवळ शेवटचं गाव. पलीकडे तेरेखोलची खाडी आणि गोवा. एका अंगाला यशवंतगड, दुसऱ्या अंगाला लोहखनिजाच्या खाणी. तांबड्या धुळीने माखलेले ट्रक ही इथल्या रस्त्याची जुनी ओळख. देवळात सांगितली जाणारी हकीगत अशी की, १८ एप्रिल १९७६ रोजी एका ट्रकचालकाचा खाणीजवळच डोळा लागला. स्वप्नात गणपती आला आणि आपण याच जागी मातीखाली आहोत, खणून बाहेर काढ, असं सांगून गेला. गावकऱ्यांना घेऊन खणायला सुरुवात झाली आणि सुमारे सहा फूट उंचीची, दोन हातांची गणेशमूर्ती निघाली. पुढे काही दिवसांनी उंदीरही सापडला. रेडीच्या द्विभुज गणपतीचं दर्शन आता कोकणात येणाऱ्या भाविकांच्या यादीत ठरलेलं असतं.

या घटनेच्या एक वर्ष आणि सहा दिवस आधी, १२ एप्रिल १९७५ला, इंग्लंडमधल्या हल विद्यापीठाच्या झोपेच्या प्रयोगशाळेत ॲलन वर्स्ली नावाचा एक जण डोक्याला आणि डोळ्यांच्या कडांना तारा लावून झोपला होता. सकाळचे आठ वाजायला आले होते. यंत्राच्या कागदावर रेघा उमटत होत्या आणि त्या रेघा सांगत होत्या की माणूस गाढ स्वप्नावस्थेत आहे. अचानक डोळ्यांच्या हालचालींची रेघ एका लयीत डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे वळू लागली. कीथ हर्न हे संशोधक कागदाकडे बघत राहिले. हा इशारा झोपण्याआधीच दोघांत ठरला होता. वर्स्लीला स्वप्नात कळलं होतं की हे स्वप्न आहे आणि त्याने आतूनच बाहेर खूण केली होती. झोपलेल्या माणसाने जाणूनबुजून पाठवलेली आणि यंत्रावर नोंदली गेलेली ती पहिली खूण.

दोन एप्रिल, दोन झोपलेले पुरुष. एकाला स्वप्नात हुकूम मिळाला आणि तो त्याने जागेपणी बजावला. दुसऱ्याने जागेपणी घेतलेला हुकूम स्वप्नात बजावला. स्वप्न शिकता येतं का, ते आपल्या हातात ठेवता येतं का, या प्रश्नाचा सगळा गुंता या दोन टोकांच्या मध्ये आहे.

मालवणी मुलखात 'माका सपान पडला' असं म्हणून सुरू झालेलं बोलणं घरात सहसा कोणी हसण्यावारी नेत नाही. गेलेला माणूस दिसला तर त्याच्या नावाने पान वाढलं जातं. देव दिसला तर देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं जातं आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतात. स्वप्नाला इथे वजन आहे. पण ते पडतं, पाडता येत नाही, हे गृहीतच धरलेलं आहे. हलच्या प्रयोगाने नेमका या गृहीतकाला हात घातला.

या प्रकाराला इंग्रजीतून आलेलं 'ल्युसिड ड्रीम' हे नाव आहे. मराठीत सजग स्वप्न म्हणता येईल. व्याख्या सोपी आहे: स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' हे कळणं. उडता येणं, हवा तो माणूस समोर उभा करणं, समुद्रावर चालणं या पुढच्या गोष्टी. त्या जमल्या तर जमल्या. नुसतं कळणं एवढीच अट. हे दुर्मीळही नाही. गेल्या पन्नासेक वर्षांतल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१६ साली काढलेल्या हिशोबात सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं आढळलं, आणि सुमारे २३ टक्क्यांना महिन्यातून एकदा किंवा त्याहून जास्त वेळा. वाचकांपैकी निम्म्यांना लहानपणी कधीतरी 'अरे, हे तर स्वप्न!' असं झालेलं असणार. त्याला नाव आहे आणि शास्त्र आहे, हे मात्र ठाऊक नसणार.

शास्त्र तसं जुनं आहे. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था मांडल्या. पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्त स्थिर करण्याचे जे उपाय दिले, त्यांत स्वप्न आणि निद्रेतल्या ज्ञानाचा आधार घेणं हाही एक आहे. चरकसंहितेने स्वप्नांचे सात प्रकार पाडले आणि त्यांतली पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं यांतून येणारी स्वप्नं निष्फळ ठरवली. तिबेटी बौद्धांनी तर नारोपाच्या सहा योगांत स्वप्नयोगाला स्वतंत्र जागा दिली. युरोपात फ्रान्सच्या हेर्वे द सां-दनी यांनी वयाच्या तेराव्या वर्षापासून स्वप्नांची वही ठेवली आणि १८६७ साली स्वप्नांना वळण लावण्याच्या युक्त्यांवर पुस्तक काढलं. डच मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १८९८ ते १९१२ या काळातली आपली ३५२ सजग स्वप्नं मोजली आणि १९१३च्या निबंधात त्यांना आजचं नाव दिलं. पण ही सारी स्वतःच्या अनुभवाची साक्ष होती. पुरावा लागत होता बाहेरच्या कागदावर. तो हलमध्ये मिळाला, आणि नंतर हर्न यांचं काम माहीत नसताना अमेरिकेत स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे मिळवून १९८१ साली छापला.

पहाट कोणाची

कोकणपट्टीवरून आंबोलीचा घाट चढला की हवा बदलते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरचं हे गाव ब्रिटिशांच्या काळात वेंगुर्ला बंदर आणि बेळगाव यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचा विसाव्याचा मुक्काम होतं. आजही मुक्कामाचंच गाव आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, पत्र्यावर पावसाचा एकसुरी आवाज, नऊ वाजता गाव गपगार. झोपेसाठी याहून चांगली जागा शोधायची कुठे?

तरीही शनिवार-रविवारी येणारे बहुतेक पाहुणे इथे नीट झोपत नाहीत. रात्री एकपर्यंत गप्पा, सोबत दोन-तीन पेग, आणि पहाटे पाचला गजर, कारण गर्दी व्हायच्या आधी कावळेसादचा कडा गाठायचा असतो. झोपेच्या हिशोबात ही सर्वांत महागाची पहाट.

त्याचं कारण १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी दाखवलं. झोपेत ठरावीक अंतराने असे काळ येतात की बंद पापण्यांमागे डोळे भराभर हलू लागतात. त्यांनाच 'रेम' झोप म्हणतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतांशी तेव्हाच पडतात. साधारण दर दीड तासाने हा काळ येतो, पण सारखा वाटून येत नाही. रात्रीच्या पहिल्या फेरीत तो दहा मिनिटांत आटोपतो. जसजशी रात्र सरते तसा लांबत जातो आणि पहाटेच्या फेऱ्यांत अर्धा तास, कधी त्याहून जास्त टिकतो. एक वाजता झोपून पाचला उठणारा माणूस स्वप्नांचा सगळ्यात भरघोस वाटा गजरापायी गमावतो. दारू रात्रीच्या पूर्वार्धातली रेम झोप दाबते, हे आणखी वर.

पहिल्या प्रहरातलं स्वप्न वर्षाने फळतं आणि पहाटेचं लवकर खरं होतं, हा आपल्याकडचा जुना समज. फळण्याचं ज्याचं त्याने पाहावं. पण पहाटेची स्वप्नं लांब असतात, जाग त्यांच्यातूनच येते आणि म्हणून तीच आठवतात, इथपर्यंत आजी आणि प्रयोगशाळा एका बाजूला आहेत. वर्स्लीची खूणही सकाळीच उमटली होती. सजग स्वप्नं मुख्यतः याच वेळेची.

म्हणून शिकण्याची पहिली पायरी कोणतीही युक्ती नसून पुरेशी झोप आहे. दुसरी पायरी वही. उशाशी वही-पेन ठेवायचं, जाग आल्यावर हलायचं नाही, मोबाइल घ्यायचा नाही, आठवेल तेवढं लिहायचं. स्वप्नावस्थेत मेंदूतलं नॉरॲड्रेनलिन अगदी खाली गेलेलं असतं आणि आठवणी पक्क्या व्हायला ते लागतं. त्यामुळे जागेपणी पहिल्या काही मिनिटांत टिपलं नाही तर हाती काही उरत नाही. स्वप्नच आठवत नसेल तर त्यात सजग झालो की नाही, हे तरी कसं कळणार?

कावळेसादचं वर जाणारं पाणी

तिसरी पायरी म्हणजे दिवसभरात अनेकदा स्वतःला विचारणं: मी जागा आहे की स्वप्नात? जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोलाय यांनी या सवयीवर भर दिला. दिवसा अंगवळणी पडलेला प्रश्न रात्री स्वप्नातही उगवेल, असा त्यामागचा तर्क. पण नुसतं विचारून भागत नाही, तपासावं लागतं. आणि इथे गंमत आहे. स्वप्नात काहीही अघटित घडलं तरी मेंदू ते बिनतक्रार पचवतो. मेलेले आजोबा एसटी चालवत असतात आणि आपण सुट्या पैशांची काळजी करत असतो. रेम झोपेत कपाळामागचा, तर्क आणि पारख सांभाळणारा भाग मंदावलेला असतो, म्हणून हे होतं. सजग स्वप्नाच्या वेळी हाच भाग पुन्हा कामाला लागलेला दिसतो, असं म्युनिकमध्ये मार्टिन ड्रेस्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मेंदूच्या चित्रणातून दाखवलं. प्रयोगात हाती लागलेला माणूस मात्र एकच होता, हे ध्यानात ठेवायला हवं.

अघटित दिसलं म्हणजे स्वप्न, ही परीक्षा दुसऱ्या बाजूनेही फसते. आंबोलीजवळच्या कावळेसाद कड्यावर पावसाळ्यात दरीतून येणारा वारा असा सुटतो की कड्यावरून खाली झेपावणारं पाणी उलटं वर फेकलं जातं आणि कठड्यापाशी उभ्या माणसाला खालून भिजवतं. पाणी वर चाललंय, समोर धुक्याशिवाय काही नाही, पायाखाली जमीन आहे की नाही तेही दिसत नाही. आणि हे सगळं शंभर टक्के जागेपण. डोळ्यांच्या भरवशावर राहणाऱ्याने इथे आपण स्वप्नात आहोत असं समजून कठडा ओलांडला तर काय होईल, ते सांगायला नको.

त्यामुळे जाणकार साध्या, बिनधोक परीक्षा सुचवतात. नाक चिमटीत घट्ट धरून, तोंड मिटून श्वास घेऊन पाहायचा. जागेपणी तो येत नाही, स्वप्नात बहुधा येतो, कारण खऱ्या नाकाला कोणी धरलेलंच नसतं. पाटीवरची अक्षरं वाचायची, नजर हटवायची, पुन्हा वाचायची. स्वप्नात ती बदलतात. डिजिटल घड्याळातले आकडेही टिकत नाहीत. हाताची बोटं मोजायची. आणि एक नियम कधीच मोडायचा नाही: उंचीवरून उडी, वाहत्या रस्त्यात पाऊल, आगीत हात, ही परीक्षा नव्हे.

पावशेर तूप

या परीक्षा एकट्या फार कामाच्या नाहीत. खरी अडचण आठवणीची आहे. झोपताना केलेला निश्चय स्वप्नात शिरल्यावर आठवायला हवा, आणि स्वप्नात नेमकं तेच होत नाही.

मराठी वाङ्मयातल्या सर्वांत प्रसिद्ध स्वप्नात याची नोंद आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. तुकोबांना स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी मस्तकी हात ठेवून मंत्र दिला. त्याच स्वप्नात गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितलं होतं, आणि ते द्यायचं आपण विसरलो, असं तुकोबांनी स्वतःच अभंगात नोंदवून ठेवलं आहे. आयुष्य बदलणाऱ्या स्वप्नात तूप मात्र विसरलं. झोपेच्या शास्त्रज्ञाला याहून प्रामाणिक नोंद मिळणार नाही. पुढे करायचं काम वेळेवर आठवण्याची जी शक्ती असते, ती स्वप्नात लंगडी पडते.

लाबर्ज यांनी इलाज केला तो याच शक्तीवर. त्यांची पद्धत 'माइल्ड' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. पहाटे स्वप्नातून जाग आली की ते स्वप्न आठवायचं. पुन्हा डोळे मिटताना मनाशी म्हणायचं की पुढचं स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल. मग मघाचं स्वप्न मनात पुन्हा चालवायचं आणि त्यातल्या एखाद्या विचित्र जागी आपण सावध होतो आहोत असं पाहायचं. झोप लागेपर्यंत हेच. गजर न लावता पाचला उठायचं ठरवून झोपणारे आणि खरोखर पाचला उठणारे लोक प्रत्येक घरात असतात. त्यांना ही पद्धत लवकर कळते.

तिला जोड द्यायची ती मध्येच उठण्याची. साधारण पाच तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, आणि वरचा निश्चय करत पुन्हा झोपायचं. म्हणजे माणूस सावध मनाने थेट रेमच्या लांब फेरीत उतरतो. इथे दशावताराच्या प्रेक्षकांनी एक फरक लक्षात घ्यावा. रात्रभर नाटक बघून उजाडता घरी येऊन आडवं होणं म्हणजे ही पद्धत नव्हे. जागरणाने थकलेलं शरीर आधी गाढ, स्वप्नहीन झोपेचं देणं वसूल करतं. आधी पाच तासांची झोप पदरात हवी.

यश किती? ऑस्ट्रेलियात डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिवसाच्या परीक्षा, मध्येच उठणं आणि 'माइल्ड' या तिन्ही गोष्टी आठवडाभर करणाऱ्या ४७ जणांच्या गटात १७ टक्के वेळा सजग स्वप्न साधलं. म्हणजे साधारण सहा प्रयत्नांत एक. निश्चय करून पाच मिनिटांच्या आत पुन्हा झोप लागलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्क्यांपर्यंत गेलं. झोपेशी झोंबणाऱ्याला नाही, सहज झोपणाऱ्याला फळ मिळालं.

ध्यानाचा उपयोग होतो का, हा इगतपुरीचे दहा दिवस करून आलेल्या मराठी माणसाचा हमखास प्रश्न. बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या अभ्यासांत जुन्या विपश्यना साधकांची गाढ झोप आणि रेम झोप त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा चांगली टिकलेली आढळली. अमेरिकेत बेंजामिन बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं की दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांना सजग स्वप्नं जास्त पडतात, पण आठ आठवड्यांचा ध्यानाचा वर्ग करून ती वाढली नाहीत. शिबिरातून परतल्या परतल्या उडायला लागू, ही आशा सोडलेली बरी.

गोळ्याही आहेत. स्मृतिभ्रंशावरचं गॅलॅन्टामिन हे औषध १२१ जणांना देऊन केलेल्या २०१८च्या प्रयोगात नकली गोळी घेणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांना, चार मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना आणि आठ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांना सजग स्वप्न पडलं. आकडे भुरळ घालणारे आहेत. पण हे डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे, त्याचा हृदयाच्या गतीवर परिणाम होऊ शकतो, आणि स्वप्नाच्या हौसेसाठी ते घेण्यात शहाणपण नाही.

हुकूम कुठवर चालतो

सजग झाल्यावर काय? नवशिक्याला पहिला अनुभव येतो तो जाग येण्याचा. 'अरे, स्वप्न!' या आनंदातच झोप मोडते. त्यावर लाबर्ज यांनी स्वप्नातले हात एकमेकांवर घासणं किंवा जागच्या जागी गिरक्या घेणं हे उपाय सांगितले. लक्ष स्वप्नातल्या अंगावर राहिलं की ते थोडं लांबतं.

मग ताबा. 'इन्सेप्शन' हा २०१० सालचा सिनेमा पाहिलेल्यांना वाटतं की स्वप्नात शहर दुमडता येतं. प्रत्यक्षात सजग माणसालाही बऱ्याचदा दार उघडत नाही, दिवा लागत नाही, बोलावलेला माणूस येत नाही. कळणं आणि करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेकांच्या वाट्याला पहिली येते आणि दुसरी तुटक.

तरीही जे साधलं आहे ते थक्क करणारं आहे. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या चार प्रयोगशाळांनी मिळून ३६ जणांवर केलेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. झोपलेल्या माणसाला बाहेरून प्रश्न विचारायचे आणि त्याने डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींनी उत्तर द्यायचं. आठातून सहा वजा किती, असं विचारल्यावर एका १९ वर्षांच्या मुलाने स्वप्नातून डोळे दोनदा फिरवले. एकूण प्रयत्नांपैकी सुमारे १८ टक्के वेळा अचूक उत्तर आलं, ६० टक्के वेळा काहीच आलं नाही. म्हणजे रेडीचा ट्रकचालक आणि हलचा वर्स्ली यांच्यामधला रस्ता दोन्ही दिशांनी खुला होऊ शकतो, पण रहदारी तुरळक.

बर्न विद्यापीठात काम करणारे डानिएल एर्लाखर यांनी स्वप्नातल्या सरावाचा माग घेतला. नाणं पेल्यात नेमकं टाकण्याचा सराव सजग स्वप्नात केलेल्यांचा नेम सकाळी सुधारलेला त्यांना २०१० साली आढळला. गट लहान होता, पण खेळाडूंचे कान टवकारायला तो पुरेसा ठरला.

सर्वांत गरजेचा उपयोग मात्र दुःस्वप्नांवर आहे. अपघात, हिंसा, पूर यांतून गेलेल्या माणसाला तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं. अशा लोकांना सजग व्हायला शिकवून दुःस्वप्नांची वारंवारिता कमी झाल्याचं नेदरलँड्समधल्या २००६च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. त्याहून भक्कम पुरावा आहे तो झोपण्याची गरजच नसलेल्या पद्धतीला. दिवसा, जागेपणी ते स्वप्न लिहायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि तो बदललेला शेवट रोज काही मिनिटं मनात घोळवायचा. अमेरिकेतले बॅरी क्राकाओ यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या १६८ स्त्रियांच्या अभ्यासात ही पद्धत तपासली आणि ती वापरणाऱ्यांची दुःस्वप्नं लक्षणीय घटल्याचं २००१ साली दाखवलं. स्वप्नाची दोरी हाती घ्यायला दर वेळी आत उतरावं लागतंच असं नाही.

छातीवर बसणारं

या विद्येच्या वाटेवर एक भीती हमखास भेटते. मध्येच उठून पुन्हा झोपताना कधी कधी जाग आधी येते आणि शरीर मागे राहतं. डोळे उघडे, खोली दिसते, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही, कोणीतरी खोलीत आहे असं वाटतं आणि छातीवर भार येतो. कोकणात त्याला भूत बसलं म्हणतात आणि भुतांची इथे वानवा नाही: मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा, ज्याची त्याला निवड.

होतं ते असं. रेम झोपेत मेंदू स्नायूंना जाणारे हुकूम अडवतो, नाहीतर माणूस स्वप्नातल्यासारखा खरोखर धावला असता. क्लच दाबून उभ्या ट्रकसारखी ही अवस्था: इंजिन जोरात, चाकं जागच्या जागी. जाग आल्याक्षणी क्लच सुटायला हवा, तो थोडा उशिरा सुटतो एवढंच. पस्तीस अभ्यास एकत्र करून २०११ साली काढलेल्या हिशोबात सामान्य लोकांपैकी सुमारे ८ टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी २८ टक्के जणांनी हा अनुभव कधीतरी घेतलेला होता. अपुरी आणि तुटक झोप तो वाढवते. एखादं बोट किंवा जीभ हलवण्यावर लक्ष ठेवलं, श्वास संथ ठेवला, की तो ओसरतो.

खरा धोका वेगळा आहे. रोज पहाटे मुद्दाम झोप मोडणाऱ्याचा दिवस खराब जातो. शिफ्टमध्ये काम करणारे, रात्री गाडी चालवणारे आणि परीक्षेच्या तोंडावरचे विद्यार्थी यांनी हे करू नये. इतरांनीही आठवड्यातून एक-दोन सुट्टीच्या पहाटेंपुरतं ठेवावं. ज्यांना भास होतात, भ्रम होतात, उन्मादाचे झटके येतात किंवा आपण आपल्यातच नाही असं वाटत राहतं, त्यांनी स्वप्न आणि जागेपण यांची सरहद्द मुद्दाम पुसट करण्याच्या फंदात पडू नये. दुःस्वप्नांनी झोप उडाली असेल तर यंत्रं, अ‍ॅप आणि सशुल्क वर्ग यांच्याआधी डॉक्टर. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

न मागितलेल्या स्वप्नाचा अधिकार

आंबोलीहून घाटमाथ्याने आजऱ्यावरून पुढे गेलं की कोल्हापूर लागतं. सतराव्या शतकात याच कोल्हापुरात बहिणाबाई या ब्राह्मण घरातल्या कोवळ्या वयाच्या विवाहितेने जयराम स्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकले. तुकोबांना तिने पाहिलेलं नव्हतं. त्यांनी स्वप्नात येऊन तिला उपदेश केला. कुणबी वाण्याला गुरू करते म्हणून नवऱ्याने तिचा छळ केला, पण ती हटली नाही. पुढे देहूला गेली, आणि आपलं चरित्र स्वतः अभंगांत सांगणारी संत बहिणाबाई झाली. शिऊरला तिची समाधी आहे.

त्या काळी कोणत्याही बाईला गुरू निवडायचं स्वातंत्र्य कोण देणार होतं? स्वप्नाला मात्र कोणी मनाई करू शकत नव्हतं. ते आपण मागितलं नव्हतं, आपल्या हातातलं नव्हतं, यातच त्याचा अधिकार होता. रेडीच्या ट्रकचालकाने 'मी रात्री ठरवून गणपती पाहिला' असं सांगितलं असतं, तर एकाही माणसाने कुदळ उचलली नसती.

स्वप्न शिकू पाहणाऱ्याने ही किंमत आधीच ओळखावी. आपण घडवलेलं स्वप्न आपल्याला काही नवं सांगत नाही. ते आपलंच ऐकतं. त्यातून धीर मिळतो, सराव होतो, भीती ओसरते, मजा तर येतेच. दृष्टांत मिळत नाही. ज्याला दोन्ही हवं आहे त्याने सजग व्हावं आणि मग हुकूम सोडण्याऐवजी समोर जे चाललंय ते बघत उभं राहावं. अनुभवी लोकांपैकी कित्येक जण सुरुवातीचं उडणं-बिडणं आटोपल्यावर हेच करू लागतात.

सुरुवात करायची असेल तर दिवाळीची सुट्टी सोयीची आहे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाची पहाट सोडून द्या, ती कोणी झोपू देणार नाही. भाऊबीज उरकली की घरातली एक कोरी वही उशाशी ठेवा, साडेदहाला दिवा मालवा आणि महिनाभर फक्त स्वप्नं लिहा: तारीख, जाग आली ती वेळ, काय दिसलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांची स्वप्नं विचारा आणि तीही त्यांच्याच मालवणीत, जशीच्या तशी उतरवून ठेवा. बाकीच्या युक्त्या दुसऱ्या महिन्यात.